अकरा नंबरच्या चौकोनातलं नाव

१ सप्टेंबर, सोमवार

टॉवेलच्या कारखान्याचं काम अखेर माझ्याकडे आलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड आहे. भिंतीवर मोठा टीव्ही लावायचा आणि त्यावर प्रत्येक मागाचा एक चौकोन. माग चालू असला की चौकोन हिरवा, थांबला की लाल. आत मागाचा नंबर, विणकराचं नाव, आज कोणता टॉवेल लागलाय ते. तेच चित्र शेठच्या मोबाइलवर. चालू-बंद कळवणाऱ्या डब्या मागांवर दुसऱ्याच कुणीतरी बसवून ठेवल्यात. दिसतं तेवढं सगळं माझ्याकडे.

आज बोललेली माणसं: शेठ, फोनवर. डबा देणाऱ्या मावशी, दारात. मावशी म्हणाल्या, आज वांगं हाय. मी म्हटलं बरं. एवढ्यावर दिवस गेला.

३ सप्टें., बुधवार

नवं काम घेतलं की माझी एक पद्धत आहे. कागदावर मधोमध रेघ. डावीकडे 'स्थि.', उजवीकडे 'ब.'. स्थिर आणि बदलतं. जे कधी बदलणार नाही ते स्क्रीनवर एकदाच काढायचं आणि विसरायचं. बदलणारं तेवढंच पुन्हा पुन्हा काढायचं. ह्यात आळस केला की ॲप उगाच सगळंच परत काढत बसतं आणि धापा टाकतं. पुण्याच्या कंपनीत पोरं हसायची माझ्या कागदाला. हसोत. त्यांची ॲपं अजून धापा टाकतात.

कागद घेऊन शेडमध्ये गेलो. आवाज असा की स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. तिथला माझा माणूस म्हणजे सिद्राम जॉबर. माग बिघडला की त्याला हाक, माणूस बिघडला तरी त्यालाच. अक्कलकोटच्या पलीकडचा आहे. एकाशी कानडी, दुसऱ्याशी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि तिन्ही कानात तोंड घालून.

विचारलं, मागांचे नंबर बदलतात का? न्हाय. जागा? न्हाय. नावं?

"नावं कशाला बदलतील? ह्यो नरसय्याचा माग, त्यो यल्लप्पाचा, त्यो कोपऱ्यातला अंबादासचा. शेडमधी कुणालाबी इचारा की."

नावं डावीकडे, स्थि. मध्ये. बरं वाटलं. जेवढं डावीकडे जाईल तेवढं माझं काम कमी.

६ सप्टें., शनिवार

सुट्टी घ्यायची ठरवली होती. सुट्टीत काय करायचं ते सुचेना म्हणून कामच केलं.

दुपारी 'घरी कोण' उघडून बसलो. लग्नाच्या पहिल्या वर्षी गंमत म्हणून केलेलं ॲप, दोघांपुरतं. दोन चौकोन: 'विनय', 'रेवती'. फोन घरच्या वायफायला लागला की 'घरी', सुटला की 'बाहेर'. रेवती, ह्या वहीत नुसती रे., तेव्हा चिडवायची, म्हणायची, अरे मी शेजारच्या खोलीतच आहे, हाक मार की.

रे. पुण्याला गेली त्याला दोन पावसाळे झाले. शाळेत चांगली नोकरी लागली म्हणून गेली. भांडण नाही, काही नाही. ती म्हणाली तूही चल, तुझं काम कुठूनही होतं. मी म्हटलं, पप्पांचं घर लगेच कसं बंद करायचं, दिवाळीनंतर बघू. पुण्यात तिने फोन बदलला, नव्या फोनवर हे ॲप टाकलं नाही. त्यामुळे तिच्याकडून शेवटची जी बातमी आली तीच तिच्या चौकोनात बसून आहे. 'रेवती: घरी'. हिरवा.

दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतील. पण

९ सप्टें., मंगळवार

टीव्ही लागला. सगळी शेड जमली. सिद्रामने एक माग मुद्दाम थांबवला, चौकोन लाल झाला, परत चालू केला, हिरवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उगाच लाजल्यासारखं झालं. माझ्या कामाला समोर उभं राहून कुणी टाळ्या वाजवल्याचं आठवत नाही. शेठ म्हणाले, लई सुटसुटीत झालंय.

चहाच्या वेळी पाहिलं, शिलाई खात्यातली एक बाई टीव्हीसमोर एकटी उभी. टॉवेलचे काठ शिवणाऱ्या बायका पलीकडच्या खोलीत बसतात, त्यांचा ह्या टीव्हीशी काही संबंध नाही. ती मात्र चहाचा कप हातात धरून कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघत होती. चहा पिऊन झाला तरी.

१२ सप्टें., शुक्रवार

फजिती.

चहाच्या सुट्टीत एक तरुण विणकर आला. इरफान. आधी बराच वेळ टीव्हीचं कौतुक केलं. मग म्हणाला, "सर, अकरा नंबर मैं चलाता. उसपे अंबादास लिख्या है."

मी म्हटलं, अंबादास कुठे असतो मग?

त्याने हात हलवला. भिवंडी की कुठं, त्याला नक्की माहीत नाही.

सिद्रामला गाठलं. तो शांत. नरसय्या म्हणे केव्हाच घरी बसून नातवंडं खेळवतोय. यल्लप्पा आता इथेच गेटवर वॉचमन. रोज मला सलाम करतो तोच. म्हणजे यल्लप्पा गेटवर खुर्चीत बसलाय आणि माझ्या टीव्हीवर तो दिवसभर टॉवेल विणतोय, हिरवागार. ह्या लोकांत माग ज्याने पहिल्यांदा चालवला त्याच्या नावाने तो ओळखला जातो, मग चालवणारी माणसं कितीही बदलोत. हे सगळ्यांना इतकं सवयीचं की कुणाला त्यात चूक दिसलीच नाही. शेठलाही नाही. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

मी सिद्रामवर जरा चढलोच. तो म्हणाला, "मागाचं नाव इचारलं तुमी. माणसाचं कुटं इचारलं?"

घरी येऊन कागदावर नावं डावीकडून खोडली, उजवीकडे लिहिली. चौकोनाचा सगळा सांगाडा परत उसवायचा. स्वतःलाच शिव्या घातल्या, मोठ्याने. घरात कुणी नसण्याचा एवढा एक फायदा.

१५ सप्टें., सोमवार

नवी व्यवस्था: मागांच्या रांगेच्या टोकाला कार्ड दाखवायचं यंत्र. हजेरीचं कार्ड सगळ्यांकडे आहेच. पाळी सुरू होताना विणकराने मागाचा नंबर दाबायचा, कार्ड लावायचं, त्या मागाच्या चौकोनात त्याचं नाव येतं. पाळी संपली की जातं. नाव आता चौकोनाचा भाग नाही. जो उभा असेल त्याचं.

सिद्रामला समजावत होतो, तेव्हा तो म्हणाला, अकरा नंबर तेवढा राहू द्या.

का, तर ती शिलाईतली बाई म्हणजे पद्मा, अंबादासची बायको. अंबादास कामासाठी भिवंडीला गेला. आधी फोन यायचे. मग कमी झाले, मग बंद. जिवंत आहे एवढं कुणीतरी येऊन सांगितलं, बाकी काही नाही. ती तेव्हापासून इथेच काठ शिवते. सिद्राम म्हणाला, रोज नाव बघायला येतीय बिचारी. तेवढंच तिला बरं वाटत असंल.

मला पटलं. इतकं पटलं की लगेच केलं. बाकी सगळे चौकोन 'ब.' झाले, अकरा नंबर 'स्थि.' ठेवला. अंबादास.

ह्या सबंध कामात नीट विचार न करता केलेली ही एकच गोष्ट, आणि तीच करताना छान वाटलं.

१७ सप्टें., बुधवार

आपापली नावं बघून शेडमध्ये मजा. लोक कार्ड लावतात आणि लगेच टीव्हीकडे मान वळवतात. एकाने फोटो काढून गावी पाठवला.

इरफान रोज कार्ड लावतो. त्याचं नाव येत नाही. आज विचारायला आला. मी म्हटलं, अकरा नंबरला जरा तांत्रिक अडचण आहे, बघतो. तो म्हणाला, आरामसे करो सर. वर मला पान देऊ लागला. मी खात नाही म्हटलं. तसा मी खातो.

पद्मा चहाच्या वेळी होती. तीच जागा.

२२ सप्टें., सोमवार

घट बसले. खालच्या मजल्यावर भाडेकरूंकडे आरती, वर माझ्याकडे कुकरची एक शिट्टी. एका माणसाचा भात करायला कुकर लावणं म्हणजे तमाशाच, पण तेवढाच आवाज होतो घरात.

रे.चा फोन. आठवड्यातून एकदा येतो, आता त्यात सुद्धा बोलणं संपतं आणि वेळ उरतो. शाळेतलं सांगितलं तिने. कायमची नोकरी होतेय. मग म्हणाली, तिथं भाड्याचं घर बघतेय, मोठं बघू का एकटीपुरतंच, ते तू एकदा सांग. मी म्हटलं, दसऱ्याला येतेस का, बोलू. म्हणाली, येऊन तेच बोलायचं असेल तर नको. मी म्हटलं, दिवाळीनंतर

"कुठली दिवाळी, विनय?"

मी पाण्याच्या टाकीचं काढलं. मग दोघं हवापाण्याचं बोललो आणि फोन ठेवला.

मला ती हवी आहे. हे इथे लिहिता येतं, फोनवर येत नाही. फोनवर मी पप्पांच्या घराचं बोलतो, कामाचं बोलतो, पाण्याच्या टाकीचं बोलतो. पप्पांनी रेल्वेत जन्म काढून हे घर बांधलं, खरं आहे. पण पप्पा स्वतः जिथे बदली होईल तिथे गेले. तेव्हा एकदाही कुरकुर केली नाही.

२६ सप्टें., शुक्रवार

सिद्रामने खंडेनवमीचं आमंत्रण दिलं. त्या दिवशी सगळे माग बंद. धुऊन-पुसून पूजा, प्रत्येकजण आपल्या मागासमोर नारळ फोडतो, घरची माणसं शेड बघायला येतात. म्हणाला, तुमच्या टीव्हीला बी हार घालू.

मग पुढचं काम सांगितलं. माग बंद म्हणजे चौकोन लाल. पूजेच्या दिवशी भिंतभर लाल बरं दिसंल का? त्याचं खरं आहे. मी दोनच शक्यता धरल्या होत्या, चालू किंवा बंद. आता तिसरा रंग घातला, पिवळा. बंद आहे पण बिघडलेला नाही. झेंडूचा रंग निवडला. शेठ खूश.

इरफानही आला. त्याचे अब्बा येणारेत त्या दिवशी. तेही विणकर होते, दुसऱ्या कारखान्यात. छातीमुळे सोडलं. जन्मभर माग चालवले पण दुसऱ्याच्याच नावाचे, असं म्हणतात म्हणे ते. इरफानने त्यांना सांगून ठेवलंय की टीव्हीवर नाव लागतं. आपलं लागत नाही हे नाही सांगितलेलं.

"तबतक हो जायेगा ना सर?"

मी हो म्हटलं.

२९ सप्टें., सोमवार

तीन दिवस टाळलं. कामाचं म्हणाल तर अर्ध्या मिनिटाचं आहे. अकरा नंबरला इतरांसारखं करायचं, झालं. पण ती बाई चहा घेऊन येईल, वर बघेल, आणि तिथे नाव नसेल. मला ते बघवणार नाही.

तिच्यासाठी दोन ओळी तयार करून ठेवल्या मनात. मग त्याही सांगितल्या नाहीत. तिच्याशी मी आजवर एक शब्दही बोललेलो नाही. तिला काय वाटतं ते सगळं सिद्रामने आणि मी मिळून ठरवलंय.

इरफानला काय सांगायचं तेही ठरत नाही. त्या दिवशी टीव्ही बंदच ठेवावा का, हाही विचार करून झाला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सगळं लिहून ठेवतो.

शेड ओळखू येईना. पहिल्यांदाच तिथे माणसांचे आवाज ऐकले. मागांना ऊस बांधलेले, झेंडू, हळद-कुंकू. टीव्हीला हार. चौकोन सगळे पिवळे, आत नावं, सगळ्यांनी सकाळीच कार्डं लावून ठेवलेली. पोरंबाळं आपल्या बापाचं नाव शोधत होती.

इरफान अब्बांना घेऊन आला. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, हातात काठी. टीव्हीसमोर उभे राहिले. अब्बांनी विचारलं, अपना कौनसा? इरफानने टीव्हीकडे बघितलंच नाही. बोट मागाकडे केलं, म्हणाला, वो, कोने का. अब्बा मागाकडे गेले, हात लावून बघितला. मग परत टीव्हीकडे बघू लागले. त्यांना वाचता येतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी खांबाआड होतो. हो, खांबाआड. माझ्यासारखा माणूस.

पद्मा नारळ घेऊन आली होती. दर वर्षी ती अंबादासच्या मागाला नारळ फोडते, सिद्राम म्हणाला होता. तिने इरफानला बघितलं, अब्बांना बघितलं, वर बघितलं. मग सरळ माझ्याकडे आली. नारळ काखेत.

"सर, ह्ये अकरा नंबरचं नाव तुमी ठेवलंय?"

मी म्हटलं, हो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

"मला कुणी इचारलं?"

आवाज चढवला नाही. पण मग बोलत राहिली. शिलाईतल्या बायका रोज तिची थट्टा करतात. पद्मा, तुजा नवरा आजबी कामावर हाय बघ. हिरवा हाय बघ, लई राबतोय. ती रोज चहाच्या वेळी बघायला यायची ते नाव पुसलं का ते बघायला. बाकी सगळी बदलली, हे एक तेवढं राहिलं. कुणाला सांगायचं ते तिला कळेना. सिद्रामण्णाला सांगितलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.

मी म्हटलं, काढतो. आत्ता काढतो. तुमची काही हरकत नाही ना, म्हणजे कायमचंच

ती म्हणाली, "कायमचं कोण म्हणलं? त्यो आला, मागावर हुबा ऱ्हायला, कार्ड लावलं, तर नाव आपोआप येतंय का न्हाय?"

"येतं."

"मग तवा येऊ दे की. आज जो चालवतोय त्येचं लावा."

एवढं बोलून गेली. अकरा नंबरसमोर नारळ फोडला, दर वर्षीसारखा, खोबऱ्याचा तुकडा अब्बांच्या हातावर ठेवला आणि शिलाईच्या खोलीत निघून गेली.

टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून लॅपटॉप उघडला. 'अंबादास' काढलं, अकरा नंबर इतरांसारखा केला. नाव नसलेला रिकामा पिवळा चौकोन. इरफानला खूण केली. त्याने कार्ड लावलं. 'इरफान' आलं.

अब्बांनी बघितलं. सिद्रामला स्टूल मागितलं आणि टीव्हीसमोर बसून राहिले, लोक पेढे वाटत होते तरी उठले नाहीत. इरफान त्यांच्या मागे उभा होता आणि दर थोड्या वेळाने वर बघत होता, नाव अजून आहे ना म्हणून.

निघताना सिद्रामला विचारलं, अंबादासचं जुनं कार्ड आहे का कुठे? त्याच्या खणात होतं. जुन्यांची कार्डं बंद करायची यादी शेठने मला दिलेली आहे. ते एक बंद नाही केलं.

सिद्राम म्हणाला, मला वाटलं हुतं तिला बरं वाटतंय. मी म्हटलं, मलाही. मग दोघं गेटवर यल्लप्पाजवळ बसून चहा प्यायलो.

२ ऑक्टो., गुरुवार. दसरा

पांढरा शर्ट घालून विहारात. वंदना, मग खीर. चारजणांनी विचारलं, वहिनी आल्या नाहीत? चौघांना एकच उत्तर: पुण्याला आहे, येईल. काय विचारताहेत ते ऐकायच्या आधीच तोंडातून बाहेर पडतं. हे वाक्य मी केव्हा कायमचं छापून घेतलं कोण जाणे.

घरी येऊन 'घरी कोण' उघडलं. 'रेवती: घरी'. हिरवा.

कारखान्यात दुसऱ्याच्या बायकोसाठी मी जे केलं ते आधी इथेच केलेलं. हे ॲप मुळात असं लिहिलं होतं की बातमी आली नाही तर जुनीच खरी धरायची. तेव्हा ते बरोबरच होतं, तेव्हा ती शेजारच्या खोलीत असायची.

बदललं. फोनकडून बातमी नसेल तर 'घरी' नाही, 'बाहेर' पण नाही. रिकामं. चालू केलं आणि तिचा चौकोन पांढरा पडला. नाव आहे, पुढे काही नाही.

मग रडलो. खाली पोरं सोनं वाटत फिरत होती, बेल वाजवली, मी दार उघडलं नाही.

४ ऑक्टो., शनिवार

आज मी फोन केला. वार तिचा नव्हता, त्यामुळे ती घाबरली, काय झालं म्हणाली. काही नाही म्हटलं आणि अकरा नंबरची सगळी गोष्ट सांगितली. पहिल्यापासून.

मग घरच्या ॲपचं सांगितलं. तिचा चौकोन इतके दिवस हिरवा होता, आता रिकामा केला, तेही.

ती म्हणाली, "विनय, मी घरी नाहीये."

"माहीत आहे."

"तुला आज माहीत झालं."

हो म्हटलं. मग ती म्हणाली, पद्माबाई त्या दिवशी नीट जेवल्या-खाल्ल्या का, कुणी विचारलं का? मी म्हटलं नाही. ती म्हणाली, तुम्ही दोघं पुरुष थोरच आहात. पण हसत म्हणाली. घराचं काही बोलली नाही. मोठं का एकटीपुरतं, ते मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तिने ठेवल्यावर मग एकटाच मोठ्याने म्हणालो, मोठं बघ. फ्रिजने ऐकलं असेल.

५ ऑक्टो., रविवार

सोलापूर स्टेशन. तिकिटाच्या रांगेत उभ्याने फोनवर हे लिहितोय, घरी गेल्यावर उतरवून काढेन. घरी कधी जाईन ते

सकाळी मावशींना दारात सांगितलं, आज डबा नको. त्यांनी विचारलं, कुटं गावाला? मी म्हटलं, बघतो. त्या डबा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी डबा नको म्हटल्याचं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग म्हणाल्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी तरी बांधून देते की. दिली. पिशवीत आहे.

रस्त्यात तुळजापूरला चालत निघालेल्या लोकांची गर्दी, कोजागिरीला पोचणारी. रिक्षा त्यांच्यातून वाट काढत आली. मी काहीच ठरवलेलं नाही. कपडे एक जोड घेतलेत. पुण्याला जाऊन तिच्या दारात उभं राहायचं, का तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोचून परत फिरायचं, दोन्ही होऊ शकतं. माझं मला माहीत आहे मी कसा आहे.

रिक्षात 'घरी कोण' उघडून बघितलं. माझा चौकोन पलटलेला. 'विनय: बाहेर'. तसा मी कारखान्यात जातो तेव्हाही पलटत असणार, पण तेव्हा बघत नाही. तिचा रिकामा. म्हटलं बरं आहे, निदान खरं तरी आहे.

रांग सरकली. पुढे एक कुटुंब, गुलबर्ग्याचं विचारताहेत, सुट्ट्या पैशांवरून खिडकीत वाद चालू आहे.

आत्ताच मेसेज आला. रे.चा.

"रविवारी बाहेर? कुठे निघालास?"

मी तिला काही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. परत ॲप उघडलं. तिचा चौकोन रिकामा नाही. 'रेवती: बाहेर'. म्हणजे नव्या फोनवर ॲप टाकलं तिने.

खिडकीतला माणूस विचारतोय, कुठलं. मागचे लोक ढकलताहेत. तिला आधी लिहू की आधी